बंदूक मागं येते तेव्हा

यंदा दिवाळीत दाजींनी एक व्हिडिओ दाखवला, तो अजून डोक्यातून जात नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कंपनीच्या कामानं नामिबियात असतात, वर्षातून एकदा सुट्टीला येतात आणि आले की मेढ्याच्या पुढं आमचं गावाकडचं घर आहे तिथं सगळा गोतावळा जमतो. जेवणं झालेली, पोरं अंगणात सुतळी बॉम्ब लावायच्या नादात, आणि आम्ही सोप्यात पाय पसरून बसलेलो. दाजींचा मोबाईल हातोहात फिरायला लागला. व्हिडिओ जेमतेम वीस सेकंदांचा असेल. तिकडच्या कुठल्याशा फार्मवर त्यांच्या ऑफिसातला नवीन आलेला एक किडकिडीत पोरगा, हातात .४५८ विंचेस्टर मॅग्नम (आकडा गोळीच्या जाडीचा, इंचात), म्हणजे हत्ती-रेड्यासाठी काढलेली रायफल. पोरगं नेम धरतं, धडाम आवाज होतो, नळी थेट आभाळाकडं जाते आणि पोरगं दोन पावलं मागं धडपडत जाऊन बुडावर आपटतं. टोपी एकीकडं, चष्मा एकीकडं. मग चित्र गदागदा हलतं, कारण मोबाईल धरणाराच हसायला लागलेला असतो. इकडं सोप्यातपण हशा. परत लावा, परत लावा.

माझी लेक मात्र हसली नाही. ती साताऱ्यात टेन मीटर एअर रायफल शिकते. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकात आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं ब्राँझ आणलं आणि तेव्हापासून इकडच्या आईबापांना रायफल हा खेळ असतो हे कळलं, त्यातलेच आम्ही. ती म्हणाली, "मामा, जरा मागं घ्या की." आणि गोळी सुटायच्या आधीच्या क्षणावर तिनं बोट ठेवून चित्र थांबवलं. "हे बघा, पाय जुळवून उभा केलाय. सगळं वजन टाचांवर. रायफलीचं मागचं टोक, बट, खांद्याला टेकलेलंच नाही, मधे फट दिसतीय. ह्याला कुणी काय सांगितलंच नाही का?" दाजी म्हणाले, "अगं गंमत असती ती तिकडची, नवीन माणूस आला की सगळ्यात मोठी बंदूक हातात द्यायची." विषय तिथंच संपला, कुणीतरी चकल्या आणल्या.

मला पडलेला पोरगा आठवत नाही एवढा तो दुसरा माणूस आठवतो. व्हिडिओच्या सुरुवातीला रायफल हातात देणारा. तो देतो, पोराच्या पाठीवर थाप मारतो आणि मग शहाण्यासारखा चार पावलं लांब जाऊन उभा राहतो. त्याला पुढं काय होणार ते पक्कं माहीत होतं. मोबाईल आधीच चालू केलेला होता.

आता ह्यात नेमकं काय होतं ते सांगतो, कारण हे कळलं की हसू जरा आवरतं. .४५८ ची गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे साधारण ३२ ग्रॅम, आणि नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या घरात. गोळी आणि तिच्यामागून सुटणारा जळक्या दारूचा वायू जेवढ्या जोरानं पुढं जातो तेवढाच जोर रायफलीला मागं मिळतो, न्यूटन शाळेत सगळ्यांनीच घोकलाय. चार किलोची रायफल सेकंदाला सहा मीटरच्या वर वेगानं मागं निघते. पायलीतली जोंधळ्याची चार किलोची पिशवी भरून कुणीतरी दोन मीटर उंचीवरून सोडावी आणि ती आडव्या पडलेल्याच्या खांद्यावर यावी, हिशोब जवळपास तिथंच येतो. शिवाय पिशवी मऊ असते. जुन्या मापात बोलायचं तर .४५८ चा दणका साठ फूट-पाउंडच्या आसपास, .३७५ मॅग्नमचा चाळिशीला टेकलेला, आणि फौजेतल्या ज्या जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या दणक्याच्या गोष्टी आमच्याकडं प्रत्येक रिटायर माणूस रंगवून सांगतो तिचा बारा-पंधराच्या पुढं जात नाही. म्हणजे त्या पोराला पाच थ्री-नॉट-थ्री एकदम मारल्या असं समजा. लेकीच्या एअर रायफलीत तर हा प्रकार जवळजवळ नसतोच, आणि पॉइंट टूटूची, म्हणजे छोटी .२२ ची, बंदूक मागं आली का नाही ते सांगावं लागतं.

आणि ती फट. सगळा खेळ त्या फटीत आहे. बट खांद्याला घट्ट बसलेलं असेल तर रायफल आणि माणूस मिळून एक वजन होतं आणि धक्का ढकलल्यागत येतो. मधे बोटभर जागा राहिली तर रायफल आधी मोकळी पळते, वेग घेते आणि मग हाडावर येऊन आपटते. दुखेल म्हणून माणूस बंदूक अंगापासून लांब धरतो आणि त्यानंच जास्त दुखतं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही.

मला हे आबांनी शिकवलं. आबा म्हणजे थोरले चुलते, साठच्या दशकात बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, थ्री-नॉट-थ्रीवर शिकले, मग एसएलआर ही आपोआप भरणारी रायफल आली, आणि पेन्शनीवर आल्यावर पिकाच्या संरक्षणासाठी म्हणून बारा बोरच्या छऱ्याच्या बंदुकीचं लायसन काढलं. आमच्याकडं तेव्हाही रानडुकरं भुईमूग उकरायची आणि आताही उकरतात, आता वरून गवेपण येतात. आबांनी जनावर मारल्याचं मला आठवत नाही, बहुतेक हवेतच बार काढायचे. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, निकाल लागला की परत आणायची, म्हणजे ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत आमच्या घरातल्या बंदुकीनं जेवढ्या निवडणुका पाहिल्या तेवढ्या कुणा कार्यकर्त्यानं पाहिल्या नसतील. मी कॉलेजात एनसीसीला होतो, टूटू मारलेली, त्यामुळं मला वाटायचं आपल्याला येतंय. आबांनी वरच्या पडीक रानात नेऊन बंदूक हातात दिली (कायदा काय म्हणतो ते आत्ता विचारू नका, मागं तेच उभे होते) आणि काडतूस मात्र दिलं नाही.

रिकाम्या बंदुकीवर सकाळ गेली. डावा पाय पुढं, दोन पायांत खांद्याएवढं अंतर, वजन पुढच्या पायावर, गुडघे ताठ नाहीत. कमरेतून थोडं पुढं, रस्त्यात बंद पडलेली जीप ढकलायला लागतो तेव्हा आपोआप होतो तेवढंच. उजवं कोपर वर उचललं की खांद्याच्या पुढं एक खोबण तयार होते, बट तिथं. गळ्याकडच्या हाडावर नाही, बाहेर दंडावर तर अजिबात नाही, दंडावर घेतलं की चार दिवस हात वर जात नाही. डाव्या हातानं बंदूक नुसती तोलायची नाही, मागं खांद्यात ओढून धरायची. गाल लाकडावर टेकवून ठेवायचा, कारण गाल हवेत असला तर लाकूडच येऊन गालाला भेटतं. आणि धक्का आला की त्याच्याशी भांडायचं नाही. हे आबा फार सांगायचे. "अंग दगड करू नको. येऊ दे, कमरेतनं जरा मागं जा, परत ये." ज्याच्या पाठीमागं भिंत किंवा झाड असतं त्याला सगळ्यात जास्त मार बसतो. म्हणूनच टेबलावर बसून, कोपरं टेकवून जड रायफल मारणं हे उभ्यानं मारण्यापेक्षा वाईट, अंगाला हलायला जागाच राहत नाही. पालथं पडून मारणं त्याहून वाईट, तिथं हाड आणि बंदूक एका रेषेत येतात. नेम तपासायला टेबलावर बसावंच लागलं तर जाणती माणसं बट आणि खांद्याच्या मधे वाळूची नाहीतर छऱ्याची पिशवी ठेवतात, आणि त्यात कमीपणा मानत नाहीत.

मग नाण्याचा प्रकार. फौजेत शिकलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, माहीत असतो. रिकामी बंदूक नेम धरून उभं राहायचं, नळीच्या टोकाला नाणं ठेवायचं आणि घोडा दाबायचा. नाणं पडलं नाही पाहिजे. माझं पडत होतं आणि मला कळत नव्हतं का, बंदुकीत तर काहीच नाही, मागं येणार कोण? आबा खाली पडलेली चार आण्याची नाणी शांतपणे गोळा करून परत ठेवायचे. बोट दाबायच्या ऐन क्षणाला माझं अख्खं अंग आधीच धक्क्याची तयारी करत होतं. खांदा पुढं मारत होता, डोळे मिटत होते, नळी खाली झुकत होती. बार उडायच्या आधीच मी घाबरून झालेलो असायचो.

बार नंतर उडाला. खडकीच्या कारखान्यातलं लाल शक्तिमान काडतूस, जळक्या दारूचा तो उग्र गोडसर वास, समोरच्या डोंगरावरून परत आलेला आवाज. खांद्याला काय झालं ते खरं सांगायचं तर आठवतच नाही.

आबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. आमच्या घरात हे लहानपणापासून सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे, बोलायचं असलं की त्यांच्या उजव्या बाजूला बसायचं, नवीन सून आली की तिला पहिल्या आठवड्यात सांगून ठेवतात. उजव्या खांद्यावर बंदूक लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडं येतो, उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो, म्हणून आधी डावा जातो. त्यांच्या काळात कानात कापूस घालणाऱ्यालाही हसायचे. १४० डेसिबलच्या पुढचा एकच आवाज कायमचं नुकसान करू शकतो आणि मोठ्या रायफली १६० च्या घरात असतात. खांद्याचा काळानिळा डाग आठवड्यात जातो, सगळे तोच दाखवत फिरतात. गंमत म्हणजे कान नीट झाकले तर दणकाच कमी वाटायला लागतो. माणूस ज्याला धक्का म्हणत असतो त्यातला बराचसा नुसता आवाज असतो. आत प्लग, वरून मफ, असं दुहेरी झाकून तीच बंदूक मारली की लोक विचारतात काडतूस बदललं का.

मध्यंतरी एका ओळखीच्यांच्या वाड्यात जाणं झालं, जुनं सरदार घराणं, नाव गाव सांगत नाही. दिवाणखान्यात भिंतीवर गव्याचं डोकं, कातडं ठिकठिकाणी उसवलेलं, काचेच्या डोळ्यांवर धुरळा. मला अशा खोल्यांत अवघडल्यासारखं होतं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला ते फार बरं झालं असं मानणारा मी माणूस, पण त्यांनी पेटी उघडली आणि आतली .४७० ची डबल बॅरल हातात दिली तेव्हा मी बाकी सगळं विसरलो हेही खरं. पाच किलोच्या आसपास वजन, पण ते सगळं दोन हातांच्या मधे बसवलेलं, त्यामुळं उचलली की जड लागत नाही, आपोआप खांद्याला येते. बटाच्या टोकाला विटकरी रंगाचं रबर होतं. अंगठ्यानं दाबून बघितलं, दबेना, शंभर वर्षांत लाकडाहून कडक झालेलं, कडेला बारीक चिरा. ज्याच्यासाठी ते लावलं होतं ते काम त्याच्याच्यानं आता होणार नव्हतं. काडतुसं संपून जमाना झाला, बंदूक नुसती लायसनवर जिवंत आहे.

ही .४७० का, ह्यातपण एक गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारनं .४५० बोरच्या रायफली आणि काडतुसं हिंदुस्थानात आणायला बंदी घातली. भीती ही की बंडखोरांच्या हातात मार्टिनी-हेन्री बंदुका आहेत, त्याही .४५० च्याच, त्यांना दारूगोळा मिळेल. मग लंडनच्या बंदूकवाल्यांनी काय केलं, बंदी चुकवून थोडं अलीकडं-पलीकडं सरकले आणि .४६५, .४७०, .४७५ अशी सगळी रांगच निघाली. दणक्यात काडीचा फरक नाही. राजेरजवाडे आणि साहेब लोकांच्या खांद्यांवर जे काही आदळलं त्यातलं बरंचसं असं सरकारी भीतीतून आलेलं. शिकारीच्या जुन्या फोटोंत जनावरावर पाय ठेवलेला असतो, मिशा असतात, बंदूक असते. खांदा कोटाच्या आत.

त्या बंदुकीचं वजन मात्र उगाच नव्हतं. दणका सोसायचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात प्रामाणिक उपाय म्हणजे बंदूकच जड करणं. तेच काडतूस दुप्पट वजनाच्या रायफलीतून मारलं तर मागं येणारी ऊर्जा निम्मी होते, साधं गणित आहे. पण जड बंदूक दिवसभर रानात वागवायची कोणी? साहेबाची बंदूक वागवायला माणूस होता, त्याच्या खांद्याचं काय झालं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. आताच्या शिकाऱ्याला स्वतःच उचलायची असते म्हणून तो हलकी घेतो, मग ती मारते, मग तो नळीच्या तोंडाला मझल ब्रेक बसवतो. त्याला आडवी भोकं असतात, वायू बाजूला फेकला जातो आणि धक्का बऱ्यापैकी उतरतो, कधीकधी निम्म्यापर्यंत. पण तो वायू आणि आवाज जातो कुठं? शेजारी उभ्या असलेल्याच्या कानात. दाजी सांगत होते, तिकडचे वाटाडे ब्रेकवाली रायफल बघितली की तोंड वाकडं करतात. करणारच. स्वतःचा खांदा वाचवायला दुसऱ्याचा कान द्यायचा हा सौदा मला तरी बरा वाटत नाही. जाडसर मऊ रबरी पॅड, रुंद बट, आपल्या हाताच्या लांबीचं लाकूड, ह्या बिनआवाजी गोष्टींनी जेवढं होतं तेवढं करावं. दुर्बीण लावायची तर डोळ्यापासून तीन-चार इंच लांब, आणि मान काढून पुढं सरकायचं नाही, नाहीतर दुर्बिणीची कड भुवईवर अर्धगोल कापते आणि टाके पडतात. दाजींच्या एका मॅनेजरच्या कपाळावर असा वण आहे म्हणे. तो सांगतो रेड्यानं मारलं.

तर मुद्दा त्या पोराचा. दाजी परत जायच्या आधी मी त्यांना विचारलं, पुढं काय झालं त्याचं? म्हणाले, काय नाय, खांदा सुजला दोन दिवस, पण आता रेंजवर न्यायचं म्हणलं तर येत नाही. आला तरी टूटू मारतानापण डोळे मिटतो. मला हेच वाटत होतं. अंग एका बारात भ्यायला शिकतं. ते विसरवायला मात्र महिनोन्‌महिने लागतात, हलक्या बंदुकीवर परत पहिल्यापासून, मधेमधे त्याला न सांगता खोटं काडतूस भरून. घोडा दाबला, बार उडाला नाही, आणि नळी तरी झुकली, की त्याचं त्याला दिसतं. ज्यानं थाप मारून बंदूक दिली तो थोडाच ह्या कामाला येणार आहे.

आणि हे आपल्याकडं होत नाही असं काही नाही. आमचा जिल्हा फौजींचा, अपशिंगे मिलिटरी तर गावाच्या नावातच आलंय, घरटी एक फोटो वर्दीतला. त्यामुळं लागलं, दुखलं, भीती वाटली हे शब्द इथं तोंडातून निघायला फार कष्ट पडतात. पोराला ताकातलं तिखट, विहिरीतली पहिली उडी, बुलेटची किक, सगळं असंच, ढकला आणि बघा. त्यातनं काही तरतात. तरलेलेच पुढं ढकलायला उभे असतात. आबा एवढे फौजी, पण सकाळभर काडतूस न देणारा माणूस. मी एकदा त्यांना विचारलं होतं, तुम्हाला पहिल्यांदा कुणी शिकवलं? म्हणाले, "एक उस्ताद होता. लई शिव्या द्यायचा. पण बट खांद्यात बसलं का नाही, ते मात्र प्रत्येकाचं हात लावून बघायचा."

लेकीनं त्या दिवशी रात्री आबांना व्हिडिओ दाखवला. उजव्या बाजूला बसून. आबांनी चष्मा वर करून बघितला, आणि पोरगं पडल्यावर हसले, चांगले खळखळून हसले. ती रुसली. मग म्हणाले, "आगं पडला ते बरं झालं. पडला म्हणून बंदूक सुटली हातातनं. उभा राहिला असता तर खांद्याचं हाड गेलं असतं." तिला ते पटलं का माहीत नाही, मलाही पूर्ण पटलेलं नाही, कारण भरलेल्या मॅगझिनची रायफल हातातून सुटणं ही काय समाधानाची गोष्ट? म्हणूनच जाणता माणूस नवख्याला देताना आत एकच गोळी ठेवतो. पण आबांशी ह्या बाबतीत वाद कोण घालणार.

दाजी म्हणतायत पुढच्या वर्षी तुम्ही सगळे तिकडं या, रेंजवर नेतो. लेक तर आत्ताच तयार आहे. मी माझी अट सांगून ठेवलीय. आधी टूटू, भरपूर. मग एखादी मधली, थर्टी-ऑट-सिक्स वगैरे, उभ्यानं, कान दुहेरी झाकून. मग १९१२ पासून चालत आलेली .३७५, तीपण दोन-तीन बार, आणि शेवटी परत टूटूवर यायचं म्हणजे अंग चांगली आठवण घेऊन घरी जातं. काही आफ्रिकी देशांत मोठ्या जनावरासाठी कायद्यानं कमीत कमी .३७५ लागते, म्हणजे हत्तीला पुरते, तर रेंजवरच्या पुठ्ठ्याला नक्की पुरेल. .४५८ कुणी पुढं केलीच तर आधी देणाऱ्यानं माझ्यासमोर मारून दाखवायची. मोबाईल मी धरतो.